दुसरी हाक

दिवाळी सरली, आकाशकंदील उतरले, की बोईसरहून पूर्वेला डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वास पसरतो. कापलेल्या गवताचा. कारखान्यांचे वास इथे बारमाही आहेत. पाहुणा नाकाला रुमाल लावतो तेव्हाच आपल्याला त्यांची आठवण होते. पण हा वास वर्षातून एकदाच येतो. गोडसर, कोरडा, डोळ्यांवर थोडी झापड आणणारा. भाताची कापणी उरकलेली असते, खाचरांत नुसते खुंट उरलेले असतात, आणि त्यांच्या पलीकडे माळावर कमरेएवढं वाढलेलं गवत पिवळं पडत विळ्याची वाट बघत असतं.

हे गवत हाच माझा धंदा. डोंगराखालच्या पाड्यांवरून ते विकत घ्यायचं, दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवायच्या. सुरुवात एका म्हशीपासून झाली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा माहेरून, चिंचणीहून, भावाने ती म्हैस आणून दारात बांधली. तिच्यासाठी गवत घेता घेता माझ्या लक्षात आलं की म्हशीपेक्षा गवतच जास्त दूध देतं. या धंद्यात सगळे पुरुष. पहिल्या वर्षी एक व्यापारी मला म्हणाला, “बाई, हे काम तुमचं नाही.” मी म्हटलं, “तुमचं असेल तर मग घाबरता कशाला?” तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते आजतागायत बंद झालेलं नाही. आमचे हे स्वभावाने गरीब. घरात एक माणूस गप्प बसणारा असला की दुसऱ्याला ओरडायला मोकळं रान मिळतं.

काल मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून पाड्याकडे निघाले होते. काच खाली होती. तो वास आत आला आणि मला रंजना आठवली. खरं म्हणजे रंजनावरचा माझा राग आठवला. तो राग मी जपून ठेवलाय. लोणच्याच्या बरणीसारखा दर हंगामात उघडते, खालून वर हलवते आणि पुन्हा फडकं बांधून ठेवते. माझी तक्रार मोठी नाही. या मुलीने मला भर माळावर, ड्रायव्हरसमोर, पाड्यासमोर दोनदा हाक मारायला लावली. बोईसरच्या बाजारात आजवर कुठल्याही विक्रेत्यासाठी मी दुसरी हाक मारलेली नाही. कुणालाही विचारा.

ती माझ्याकडे आली श्रावणात. पालघरच्या एका कॉलेजातले सर माझ्या वखारीवर आले, ओल्या छत्रीचं पाणी माझ्या गाठींवर गाळत. कॉलेजने एक उपक्रम काढला होता. धंद्या-नोकरीतल्या अनुभवी माणसांनी चार-चार मुलं आपल्याकडे घ्यायची, त्यांना वर्षभर मार्गदर्शन करायचं.

“त्यातून नेतृत्व घडावं, असा आमचा हेतू आहे,” सर म्हणाले.

“नेते घडवायचे? आहेत ते कमी पडले का सर?”

सर हसले, पण छत्री मिटली नाही. मी विचारलं, बाकी मार्गदर्शक कोण कोण? तर एक निवृत्त इंजिनीअर, एक बँकेतले साहेब, एक कारखान्याचे मॅनेजर. आणि मी. हुशार, चुणचुणीत मुलं त्या तिघांनी आधीच निवडून घेतलेली. उरलेली चार माझ्या वाट्याला. ती डोंगराखालच्या पाड्यावरची निघाली. ज्यांच्या आयाबापांचं गवत मी घेत होते तीच मुलं. सर जरा ओशाळून म्हणाले, “मुलं बुजरी आहेत. तुमच्याकडे बोलायला शिकतील.”

“बोलायला नाही, ओरडायला शिकतील. चालेल?”

चालेल म्हणाले बिचारे.

चौघांत तीन मुली आणि एक मुलगा. मुलगा जयेश, सदा खिदळणारा. मुलींपैकी दोघी एकमेकींची ओढणी धरून असत. तिसरी रंजना. ही मुलगी बोलायची ती इतक्या हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. मला वाटलं, हिचं काही व्हायचं नाही. नेता म्हणजे ज्याचा आवाज स्टेशनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो तो, अशी माझी तेव्हाची समजूत.

एका रविवारी मी चौघांना चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. भरतीची वेळ, सुरूच्या बनातून वारा सूं सूं वाहतोय. मी एकेकाला दूर उभं केलं आणि म्हटलं, ओरडून आपलं नाव सांगा, मला इथे ऐकू आलं पाहिजे. जयेशने अशी आरोळी ठोकली की जाळं विणत बसलेल्या एका काकांनी “काय रे, कोण बुडालं?” म्हणून मान वर केली. दोघी मैत्रिणींनी मिळून एक नाव पोचवलं. रंजनाचं तोंड हललेलं दिसलं, आवाज वाऱ्याने नेला. मी तिला झाप झाप झापलं. ती ऐकून घेत होती. तेवढ्यात बाकीचे तिघे तिच्याजवळ गेले आणि डोकं वाकवून तिचं काहीतरी ऐकू लागले. मला लांबून दिसत होतं ते, पण बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

मग बाजार. माझं खरं विद्यापीठ तिथे आहे. मी रंजनाच्या हातात पैसे दिले आणि वालाच्या शेंगा घेऊन बसलेल्या एका म्हातारीकडे पाठवलं. सांगितलं, ती सांगेल त्या भावाच्या खाली आणायचं. आम्ही पलीकडे चहाच्या टपरीवर उभे. ती गेली, बसली, बोलली, म्हातारीचे हात हातात घेऊन बघितले, आणि शेंगा घेऊन परत आली.

“उरलेले पैसे?”

“तिलाच ठेवा म्हटलं.”

“काय?”

“पहाटे उठून तोडल्यात शेंगा, काकी. हात फाटलेत तिचे. माझ्या आयसच्या हातासारके हायत.”

जयेश पोट धरून हसायला लागला. “काकी, हिला भाव पाडायला पाठवली, ही वाढवून देऊन आली!”

मी त्या टपरीवर जो आवाज लावला त्याने चहावाल्याचं दूध उतू गेलं. म्हटलं, अगं, दया करायची तर देवळात जा, इथे सौदा करायचाय. ती खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. आणि शेवटी, त्याच मरतुकड्या आवाजात, “पण काकी, ती म्हातारी पुढच्या रविवारी मला निवडून शेंगा देईल.” दिल्या बरं का. पुढच्या रविवारी एकही किडकी नाही. मी ते तिला बोलून दाखवलं नाही.

पण शिकवायचं सोडलं नाही. मला जे येत होतं ते मी तिला सगळं देऊन टाकलं. समोरच्याला काय हवंय ते विचारू नको, ते तो सांगतोच आणि निम्मं खोटं सांगतो. त्याला काय नकोय ते शोध. आकडा बोललीस की गप्प राहा, पुढे जो आधी बोलेल तो हरला. सौदा तुटला म्हटल्यावरच वरचं मागता येतं असं नाही. पक्का झाल्यावर माग, भाजी घेतल्यावर कोथिंबीर मागतात तशी. आणि सगळ्यात मोठी विद्या, पाठ फिरवायची. घाईने नाही, रेंगाळूनही नाही. चालायला लागायचं. कान मागे, पाय पुढे. पहिल्या हाकेला वळायचं नाही. पहिली हाक माणूस रागाने मारतो. दुसरी गरजेने.

“आणि दुसरी हाक आलीच नाही तर?” तिने विचारलं होतं.

“तर घरी जायचं. भाव आपल्याला कळला.”

जयेश ते सगळं बाजारात लगेच करून बघायचा, दर वेळी पहिल्याच हाकेला गर्रकन वळायचा आणि मार खायचा. रंजनाने एकदाही करून बघितलं नाही. नुसती ऐकायची. मला वाटायचं, हे पालथ्या घड्यावर पाणी.

मग हंगाम सुरू झाला.

आमच्या गवताची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गवत सकाळी कधीही मोजायचं नाही. सकाळी त्यावर दव असतं. दवाचं वजन काट्यावर चढतं, आणि ओलं गवत दाबून बांधलं की गाठ आतून तापते, काळी पडते. तबेलेवाला अशी गाठ माझ्या तोंडावर मारील. म्हणून ऊन चढू द्यायचं, पाड्यावरच्या माणसांनी भारे बांधून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागी आपापला ढीग लावायचा, आणि मी बाकीचे पाडे करत करत दुपारी कधीतरी पोचले की वजन. कधी दुपार, कधी उतरती दुपार. तोवर ढिगाची राखण करायची. गुरं तोंड घालतात, कुणाची विडी पडते, शेजारच्या ढिगातला भारा आपल्या पायाने चालत कधी कुणाच्या ढिगात जातो ते देवालाही कळत नाही.

यात माझा एक नियम होता. ज्याचा ढीग त्याच्या घरचं माणूस वजनाला हजर पाहिजे. त्याने स्वतः काटा बघायचा, स्वतःच्या तोंडाने आकडा बोलायचा. माणूस नसेल तर वजन नाही. हा नियम मी उगाच केलेला नाही. माझ्याआधी त्या पाड्यांवर जे व्यापारी येत त्यांच्या काट्यांबद्दल लोक काय बोलत ते मी ऐकलं होतं. माझ्या काट्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही ते या नियमामुळे. नियम चांगला होता, असं मी आजही म्हणते.

आता घरची कर्ती माणसं माळावर गवत कापणार. मग ढिगाशी बसणार कोण? ज्याच्या हाताला त्या मानाने कमी काम आहे तो. म्हणजे शिकणारी मुलं. दुपारी मी पोचले की ही सगळी पळसाच्या सावलीत दिसायची. कुणी मोबाईलमध्ये डोकं घालून, कुणी वही तोंडावर ठेवून झोपलेलं, कुणी गुरांना दगड मारत. मला ती तिथे असण्याची इतकी सवय होती की त्यांनी दुसरीकडे कुठे असायला हवं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. उलट बरं वाटायचं. गाडीतून उतरता उतरता ओरडायला कुणीतरी मिळायचं. “ए, तो ढीग सरकव! ए झोपाळू, ऊठ!” ती खिदळत उठायची.

एक दिवस सरांचा फोन आला. “काकी, तुमची चौघंही दिवाळीनंतर वर्गात फिरकलेली नाहीत. हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष जाईल.”

माझं टाळकं सणकलं. इतकी मेहनत घ्यायची आणि ही कार्टी कॉलेजला दांड्या मारतात! दुपारी पाड्यावर पोचले ती तोफ डागतच. “का रे ए, कॉलेज कुणी जायचं? मी?”

 जयेश बोलला, आणि पहिल्यांदाच न हसता. “काकी, तुमच्या ढिगांची राखण करतो ना.”

“माझ्या? गवत तुमचं, ढीग तुमचे.”

“आणि नियम?” रंजना म्हणाली.

तिचा आवाज एवढाच. मला वाकावंही लागलं नाही त्या वेळी, नीट ऐकू आला. उमरोळी स्टेशनवरून पालघरची गाडी सकाळी सुटते आणि परत यायला संध्याकाळ होते. मी येणार दुपारी. मधला दिवस माझा नियम खात होता. एकमेकींची ओढणी धरणाऱ्या त्या दोघींपैकी एकीच्या घरी तर ठरलंच होतं, यंदा परीक्षा गेली की पोरीचं कॉलेज बंद, लग्नाचं बघायचं. ते मला त्याच दिवशी कळलं.

दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. मी म्हटलं, “रडगाणं नको. मी दया करत नाही, सौदा करते. मला माझा काटा स्वच्छ राहायला पाहिजे आणि गवत कोरडं पाहिजे. यात बसेल अशी तोड काढा आणि घेऊन या.” आणि वजन सुरू केलं, नेहमीपेक्षा चढ्या आवाजात.

त्यानंतरच्या दिवसांत रंजना काय करत होती हे मला जयेशकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. ती संध्याकाळी घरोघर फिरत होती. प्रत्येक घरी चुलीपाशी बसायची आणि एकच विचारायची, ढिगाच्या राखणीला कुणावर विश्वास *नाही* तुमचा? कोण नको? लोक ते फार आनंदाने सांगायचे. एकमेकांची नावं भराभर यायची. दोन घरं तर बांधाच्या भांडणावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती, त्यांनी एकमेकांच्या सात पिढ्या नको म्हणून सांगितल्या. सगळ्या घरांतून जे नाव आलं नाही ते एकाचंच. बारकूआजा. म्हातारा, थकलेला, आता गवत कापत नसे, म्हणून त्याचा स्वतःचा ढीग नव्हता. ढीग नाही म्हणून कुणाकडे झुकायचं कारण नाही.

आणि मग एका दुपारी मी टेम्पोतून उतरले तर पळसाखाली मुलं नव्हती. अख्खा पाडा उभा. ढीग एका रांगेत, मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवून. प्रत्येकावर ज्याची त्याची खूण. कुणी पळसाची डहाळी खोचलेली, कुणी जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली, कुणी विळ्याची मोडकी मूठ. रांगेच्या टोकाला दगडावर बारकूआजा काठी घेऊन बसलेला. आणि पुढे रंजना, पाठीला कॉलेजची बॅग.

मला वाटलं ती बोलेल. ती बोलली नाही. तिने बाजूला होऊन बांधाच्या भांडणातल्या एका घरची बाई पुढे केली. ती म्हणाली, “आजा बोलंल तो आकडा आमाला मान्य हाय.” मग त्या दुसऱ्या घरचा माणूस, दुसरीकडे बघत, “आमालापन.” मग एकेक घर. सगळ्यांचं झाल्यावर रंजना म्हणाली, “काकी, एकच माणूस राखण करील. तोच काटा बघंल. मुलं उद्यापासून कॉलेजला.”

मी म्हटलं, “नाही.”

का म्हटलं? कारणं होती. उद्या एकाचा भारा दुसऱ्याच्या ढिगात गेला असं कुणी म्हणालं, तर लोक बोलणार काय? आजाची नजर अधू म्हणणार नाहीत, काकीचा काटा खोटा म्हणतील. मी आयुष्यभर कमावलेलं नाव त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर टांगायचं? हे मी बोलून दाखवलं. आणखी एक कारण होतं ते बोलले नाही. माझ्याच जागेवर उभं राहून, माझ्याच शिकवणीने, मला कुणी अट घालतंय, हे मला सोसवत नव्हतं.

“भांडण झालं तर आमी पाड्यात मिटवू. तुमच्या काट्यापर्यंत नाय येऊ देणार.”

“आणि आलं तर?”

ती गप्प. मी पण गप्प. जो आधी बोलेल तो हरला. वाऱ्याने गवताची कुसळं उडत होती. ड्रायव्हर परप्रांतातला, त्याला हा खेळ ठाऊक नव्हता. तो म्हणाला, “दीदी, गाडी भरनी है कि नहीं? तबेलेवाले का फोन आ रहा है.”

“चूप बैठ!” मी ओरडले. म्हणजे आधी बोलले मीच.

रंजना म्हणाली, “ठीक हाय काकी. मग आज वजन नको.”

आणि तिने पाठ फिरवली.

घाईने नाही, रेंगाळूनही नाही. जसं सांगितलं होतं तस्सं. बॅगेचा पट्टा एका हाताने घट्ट धरलेला. पाड्यातली माणसं आपापल्या ढिगावर बसली. गाडीत एक भारा टाकायला कुणी हात लावीना. मी कमरेवर हात ठेवून उभी. मला या खेळाचं प्रत्येक पाऊल माहीत, मी का म्हणून हाक मारू? ऊन कलायला लागलं होतं. ती खाचरातून उतरून पायवाटेला लागली. त्या पाठीकडे बघताना मला दिसलं की तिचे खांदे आखडलेत, मान ताठ झालीय, लहान मूल काळोखातून जाताना करतं तशी. पोरगी घाबरलेली होती. ओरडणारी मी, माझ्यासमोरून अशी पाठ फिरवून जाणं तिला किती जड गेलं असेल! आणि तरी चालत होती. मी हाक मारली नसती तर ती खरंच घरी गेली असती, आणि चौघांचं वर्ष तिच्या त्या बॅगेत तसंच बांधून.

“ए रंजना!”

ती थांबली नाही.

ढिगावर बसलेला जयेश हळूच म्हणाला, “काकी, पहिल्या हाकेला वळायचं नसतं.”

मी त्याला मारायला धावले असते, पण तेवढ्यात ती आणखी लांब जात होती. “रंजना! अगं ये इकडे, भवाने!” माझा आवाज मलाच वेगळा वाटला. डोंगरावर आपटून परत आला असेल म्हणून.

ती वळली. परत आली. मी म्हटलं, भांडण एकदा जरी माझ्या काट्यापर्यंत आलं तर दुसऱ्या दिवशी जुना नियम. ती म्हणाली, चालंल. सौदा झाला. आजा काठी टेकत काट्याशी आला आणि पहिला आकडा बोलला. मी भारा उचलणार तेवढ्यात ती कानाशी येऊन म्हणते, “आन काकी, तुमी यायची वेळ सकाळीच फोनवर सांगायची. आजाला दिवसभर उन्हात बसवायचं नाय.”

कोथिंबीर. सौदा झाल्यावर मागितलेली. दिली मी.

परीक्षा झाल्या, चौघं पास झाली, आणि कॉलेजने एक समारंभ ठेवला. वर्षभरात आपण काय शिकलो ते मुलांनी सांगायचं होतं. मी नवी साडी नेसून पुढच्या रांगेत. रंजना माईकपाशी उभी राहिली. माईक असूनही सभागृह पुढे वाकलं. तिने सरांचे आभार मानले, पाड्याचे मानले, बारकूआजाचे मानले. माझं नाव नाही. मी वाट बघितली. नाहीच. खाली आल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

“काय गं, मी मेले होते का?”

“काकी, तुमीच सांगितलेलं ना, सौदा कुणी शिकवला ते चारचौघांत सांगायचं नाय.”

“मी असं कधी म्हटलं?”

“नाय म्हटलं?” ती हसली. “मग तुमच्याकडे बघूनच शिकले असंन.”

आता यावर माणसाने काय करायचं? मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तोही तिने हसतच घेतला.

आज ती पालघरला नोकरी करते. आमच्या पाड्यावर दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला राखणदार निवडतात, तशीच, कोण नको ते विचारत विचारत. निवडायला पुढे होते ती कॉलेजात जाणारी कुणीतरी मुलगी, दर वर्षी वेगळी. रंजना त्यांना रविवारी घेऊन बसते. काय शिकवते ते मला सांगत नाही. त्या पोरी काट्याशी आल्या की मात्र ओळखू येतात, आकडा बोलतात आणि गप्प राहतात. बाकीच्या पाड्यांनीही हीच रीत उचलली. माझ्या नियमाची आता कुणाला आठवणही नाही. मला आहे. ज्यांना आपण घडवतो ती आपल्यासारखी होत नाहीत. आपण दिलेलं घेऊन ती त्याचं भलतंच काहीतरी करतात, आणि ते आपल्यापेक्षा बरं असतं, हे कबूल करायला मला फार वर्षं लागणार आहेत. अजून सुरुवात केलेली नाही.

त्या सौद्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. फोनवर सांगितलेल्या वेळी मी पाड्यावर पोचले. ढीग रांगेत होते, डहाळ्या-चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. पळसाखाली कुणी नव्हतं. सावली नुसतीच पडलेली, गवतावर मुलांच्या बसण्याचे दबलेले गोल तेवढे दिसत होते. मी सवयीने दार उघडता उघडता तोंड उघडलं, “ए...” आणि पुढे नाव सुचेना.

“कुठं गेली सगळी?” मी आजाला विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“सगली कालेजान,” आजा म्हणाला. म्हणताना त्याची मान अशी काही वर झाली, जणू तोच गेला होता.

मी काटा टांगला. त्या दुपारी सबंध पाड्यात मला रागवायला एकही पोर शिल्लक नव्हतं, आणि एवढी शांतता मला त्या माळावर त्याआधी कधी ऐकू आली नव्हती.